सलाईनच्या बाटलीतलं पाणी

दुखणं बरं झालं की माणूस ते विसरतो. सेवा करणारीही विसरते, तिला पुढचं घर गाठायचं असतं. ध्यानात राहतं ते दारात सायकल धरून उभ्या असलेल्याच्या! माझं शिक्षण चौथीपर्यंत, धंदा पंक्चर काढायचा. पण आमची सुमन नर्स होती, म्हणून अर्धं आयुष्य लोकांच्या दारात गेलं. आता ती नाही. नुसतं बसलं की एकेक गोष्ट आठवते, आणि आठवतच राहते.

*

नांदेडच्या एका दवाखान्यात ती कंत्राटावर होती. ऑर्डर सहा महिन्यांची. ती संपली की एक दिवस खंड, मग नवी ऑर्डर. म्हणजे नोकरी कायम मागता येऊ नये! त्या एका दिवशी कामावर जायचं नाही. पण घरात तिचा जीव रमेना. डबा घेऊन वॉर्डाबाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

खिडकीतून एक म्हातारा ओरडला, "ओ सिस्टर, सलाईन संपायली की!"

"आज मी नर्स न्हाई, मामा. उद्या हाय."

असं म्हणून उठली, आत जाऊन सलाईन बंद केली, आणि परत बाकावर येऊन बसली.

*

मग लातूर जिल्हा वेगळा झाला. नव्या जिल्ह्यात जागा निघतील म्हणून आम्ही बिऱ्हाड उचलून उदगीरला आलो. एका हापिसात तीन चकरा झाल्या. तिसऱ्या वेळी क्लार्क उभ्यानंच बोलला, "बाई, जिल्हा नवा हाय. मलाच बसायला खुर्ची न्हाई, तुम्हाला जागा कुठून देऊ?"

खरंच नव्हती बिचाऱ्याला खुर्ची!

एसटीची वाट बघताना सुमन म्हणाली, "आता कुणाच्या ऑर्डरीची वाट बघायची न्हाई. डॉक्टर चिठ्ठी देतील, मी घरोघर जाईन. तुम्ही सायकल चालवा."

"आन लोकांनी बोलावलंच न्हाई तर?"

"तर मला पंक्चर काढायला शिकवा."

*

पहिलं घर एका अडत्याचं. मी पिशवी आत नेऊन ठेवली, तर तो माझ्याचकडं बघून म्हणाला, "सुई तुम्हीच द्या. बाईमाणसाचा हात नको."

सुमननं सुई भरली आणि शांतपणे विचारलं, "ते पंक्चर काढतात. देऊ त्यांच्या हातात?"

अडत्या मुकाट्यानं पालथा झाला.

*

त्यात दुष्काळ पडला. आड आटले. टँकर येईल तेव्हा गल्ली धावायची. त्या वेळी सुई आणि काचेची सिरिंज दर वेळी पाण्यात उकळावी लागायची. एका घरी सुनेनं तांब्याभर पाणी दिलं, पण जिवावर आल्यासारखं. इंजेक्शन झालं, तिनं आम्हा दोघांना चहा आणला. दोन घोट घेऊन सुमननं विचारलं, "अगं, माझं सुईचं पाणी कुठं टाकलीस?"

"टाकू कशाला आक्का? उकळलेलंच होतं की! त्यातच साखर-पत्ती घातली."

सुमननं चहा संपवला. मीही संपवला. पण दुसऱ्या दिवसापासून ती सलाईनच्या रिकाम्या बाटलीत आपलं पाणी भरून नेऊ लागली. रोज सकाळी ती बाटली मी भरायचो.

*

हा किस्सा नाही, पण सांगायला पाहिजे. एकदा बाळंतिणीला घोटभर पाणी द्यायला तिनं रांजणात तांब्या बुडवला. सासूनं बघितलं. भर दुष्काळात तो भरला रांजण तिनं अंगणात उपडा केला! आमच्या हातचं पाणी कुणाला चालत नाही, हे गावाला पाठ होतं. घाईत सुमनच विसरली.

त्या गल्लीतून दोन महिने बोलावणं आलं नाही. सुमन रोज सुई-सिरिंजचा ॲल्युमिनियमचा डबा घासून ठेवायची.

"अजून एक घर असं झालं," ती म्हणाली, "की उदगीरात आपलं काम संपलं."

*

मग डॉक्टरांनी अव्वांकडं पाठवलं. मोठ्या दुकानदाराची म्हातारी आई, अंथरुणाला खिळलेली, पाठीला जखमा. घर कडक. अव्वांनी पहिल्याच दिवशी कायदा सांगितला, "तुझ्या हातचं कोरडं चालतं. ओलं न्हाई."

म्हणून गोळी सुमननं द्यायची आणि पाणी सून महानंदानं पाजायचं. महानंदा कामात असली की अव्वा गोळी तशीच चावून खायच्या.

"अव्वा, सुईतलं औषध ओलंच असतंय की!" सुमन म्हणायची.

"ते पाठीमागनं जातंय. देवाला दिसत न्हाई."

दोघी हसायच्या. पाच महिने सुमननं त्यांच्या जखमा धुतल्या, कूस बदलली, केस विंचरले. त्या घरामुळं आजूबाजूची चार घरं मिळाली. पाण्याच्या घागरीजवळून जाताना मात्र ती साडी सावरून घ्यायची.

*

एके दुपारी महानंदा टँकरवर गेली होती. मी नेहमीसारखा दारात. सुमन उंबऱ्यावर आली. तोंड उतरलेलं.

"अव्वांचं काही खरं न्हाई. पाणी मागायल्यात. महानंदाला आणा, पळा!"

टँकर दोन गल्ल्या पलीकडं. रांग मोठी. "अव्वा!" एवढंच बोललो. बायांनी महानंदाची घागर आधी भरू दिली. घाईत शिवाशीव कुणी बघितली नाही; घागरीच्या तोंडाला फडकं बांधून मी ती कॅरिअरला आवळली. महानंदा पुढं पळाली, मी मागनं सायकल ढकलत आलो.

पोचलो तेव्हा अव्वा गेल्या होत्या. डोळे मिटवलेले, हनुवटी ओली. सुमन उशाशी बसली होती. त्या दिवशी सुई उकळायची नव्हती, स्टोव्ह पेटलाच नव्हता. तरी सकाळी मी भरलेली बाटली रिकामी होती.

महानंदानं बाटलीकडं बघितलं. मग सुमनकडं. मग आपल्या पदरानं अव्वांची हनुवटी पुसली.

तेवढ्यात अव्वांची थोरली लेक रडत आत आली. चार बाया मागं.

"शेवटचं पाणी कुणी पाजलं गं आईला?"

"मीच पाजले," महानंदा म्हणाली.

घागर अजून माझ्या कॅरिअरलाच बांधलेली होती. फडक्यासकट, काठोकाठ.