मशीनखालची जागा

मास्तरांच्या कुत्र्याचं नाव बटण. शिंप्याच्या घरचं कुत्रं, दुसरं काय नाव असणार! बारा वर्षांपूर्वी एका वळवाच्या दुपारी ते भिजलेलं पिल्लू पुढच्या खोलीतल्या दुकानात घुसलं, थेट शिलाई मशीनखाली गेलं आणि मास्तरांच्या टाचेशी मुटकुळं करून झोपलं. तेव्हापासून हे ठरूनच गेलं. थंडी सरून उन्हं तापली, आभाळ भरून वीज कडाडायला लागली, की बटण मशीनखाली आणि मास्तर मशीनवर. गडगडाट थांबेपर्यंत पायडल थांबायचं नाही. गिऱ्हाईक ताटकळलं तर ताटकळू दे.

लेकीला हे कौतुक बघवत नसे. तिचं त्या मशीनशी लहानपणापासूनच वाकडं. ती पाच वर्षांची असताना तिची आई गेली, आणि तिच्या आठवणीत बाबा म्हणजे मशीनवर वाकलेली पाठ. ढग गडगडले, पोर भेदरली, तरी या माणसाचं आपलं खटखट खटखट चालूच. कामाची एवढी कसली घाई? हे ती कधी बोलली नाही, पण विसरलीही नाही.

यंदा मास्तरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, तीन महिने पायडलला पाय लावायचा नाही. लेक रजा टाकून आली आणि आल्या आल्या तिनं मशीनला मोटर बसवून घेतली. जुना चामडी पट्टा काढला आणि "फेकून दिला" म्हणून मोकळी झाली. मास्तर दोन दिवस तोंड फुगवून बसले. त्यात बटणची तब्येत तोळामासा. त्याचे डॉक्टर म्हणाले होते, हृदय थकलंय, याला घाबरू देऊ नका. आता हे विजेला कोण सांगणार?

चौथ्या दिवशी दुपारीच अंधारून आलं. पहिला कडकडाट झाला आणि बटण धडपडत मशीनखाली शिरलं. मास्तरांनी घाईघाईनं मोटर सुरू केली. तिचा तो घूंऽऽ आवाज ऐकून बिचारं उलट दचकलं आणि कापायच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या ढिगात जाऊन पडलं. तेवढ्यात लाइटही गेली. कुत्रं लटलटा कापत होतं, जीभ बाहेर आली होती, छाती नुसती धपापत होती.

"जाईल गं ते," मास्तर म्हणाले. "गुडघा गेला खड्ड्यात. तो पट्टा असता ना, तर..."

लेकीनं पर्स उघडली आणि पट्टा बाहेर काढला.

"फेकला होतास ना?"

"तुमचा भरवसा नव्हता, म्हणून लपवला. उठा आता. पायडल मी मारते."

मास्तरांनी अंधारात नुसत्या बोटांनी मोटर सोडवली, पट्टा चढवला. तिनं पाय मारला, तर चाक उलटं फिरलं.

"अगं उलटं, उलटं! शिंप्याच्या घरात वाढलीस की कुठं?"

"ओरडू नका हो!"

मग मास्तरांनी चाकावर तळवा ठेवला आणि सुलट फिरवून दिलं. दोनदा अडलं, तिसऱ्यांदा सूर लागला. खटखट, खटखट.

"बाबा, दोरा ओवायचा राहिला."

"राहू दे."

बाहेर पुन्हा कडाडलं. तिनं पाय थांबवला नाही. बऱ्याच वेळानं चिंध्या हलल्या. बटण पोटावर सरपटत आलं, तिचा पाय हुंगला, जरा विचार केला आणि तिच्या टाचेशी मुटकुळं केलं. हळूहळू त्याचा श्वास संथ झाला. मास्तर हुश्श करून स्टुलावर टेकले.

"तूही इथंच झोपायचीस," ते म्हणाले. "विजेला भिऊन. कुशीत घेतलं तरी आक्रोश. मशीन सुरू केलं, की गप्प."

"मला वाटायचं, तुम्हाला कामाची घाई असायची."

"घाई?" मास्तर हसले. "वेडे, सुईत दोरा कुठं असायचा!"

तिला समोरची सुई दिसेनाशी झाली. नाक ओढत ती पायडल मारत राहिली. पाऊस कधीच थांबला होता, पण थांब असं मास्तरांनी काही तिला सांगितलं नाही.