एकशे अठरा पायऱ्या

खाली नदीकाठची वस्ती, वर टेकडीवर शाळेचं मैदान आणि मध्ये एकशे अठरा पायऱ्या. बावीस वर्षांपूर्वी सरकारी इंजिनिअर असलेल्या साहेबांनीच त्या आखल्या होत्या. वरच्या अंगाला धरण होतं. ते फुटलं तर भोंगा वाजल्यापासून पंचवीस मिनिटांत पाणी वस्तीत येणार होतं. तेवढ्यात माणसं वर पोचवायची, एवढंच काम.

ज्या गवंड्यानं पायऱ्या बांधल्या, त्यानं एकदाच तोंड उघडलं होतं. "साहेब, आठ इंचांची पायरी उंच होते. माझ्या बायकोलाच जमायची नाही."

"लहान केल्या तर पायऱ्या वाढतात, मिस्त्री. वळण घ्यावं लागेल, पुन्हा खडक फोडावा लागेल. आणि पाणी काय आपल्यासाठी थांबणार आहे?"

मिस्त्री कामाला लागले. आठ इंच म्हणजे आठ इंच. एकही पायरी सुतानंसुद्धा कमीजास्त झाली नाही.

मग दरवर्षी सराव व्हायचा. भोंगा वाजायचा, साहेब वर घड्याळ घेऊन उभे राहायचे. म्हाताऱ्यांना आणि गुडघेदुखीवाल्यांना मात्र सरावातून सूट होती. कशाला उगाच त्यांचे हाल करा! सगळ्यांना तो साहेबांचा चांगुलपणा वाटे. वेळही छान यायची, चौदा मिनिटं.

नवव्या वर्षी भरदुपारी खरा भोंगा वाजला. सहाशे माणसं वर पोचली. पाणी एकतिसाव्या पायरीपर्यंत चढलं. मिस्त्री त्या दिवशी परगावी कामावर होते. त्यांची बायको सव्विसाव्या पायरीवर बसली होती. "तुम्ही व्हा पुढं, मी जरा दम खाऊन येते," असं ती शेजारणीला म्हणाली होती.

अहवालात 'मृत : एक' एवढंच आलं. साहेबांचा सत्कार झाला. पुढे ते गावोगाव आपत्तीची कामं करत फिरले. प्रत्येक सरावात सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आधी बोलवायचे आणि त्याचा पाय वर टेकेपर्यंत घड्याळ थांबवायचे नाहीत. हाताखालचे वैतागायचे. "साहेब, आजी पोचेपर्यंत जेवणाची सुट्टी संपेल!" साहेब हसायचे नाहीत. मात्र या वस्तीत त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही. बदली मागून घेतली होती.

आता निवृत्ती झाली, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा आले. डावीकडचा कठडा धरून एकेक पायरी चढू लागले. मोजत होतेच. सव्विसावीला पाय उचलेना.

उजव्या कडेला, बऱ्याच वर, एक म्हातारा थापी चालवत होता. त्यानं मान वळवली आणि थापी नि झारी घेऊन तो खाली आला.

"या साहेब. तेरा वर्षांनी इन्स्पेक्शन?"

साहेब कठड्याला टेकले.

"दम लागला?" मिस्त्र्यांनी विचारलं.

"लागला."

"बसा मग. आज भोंगा नाही."

साहेब बसले. म्हणाले, "तुम्ही सांगितलं होतं, मिस्त्री. मी ऐकलं नाही."

"ऐकलं होतंत. केलं नाहीत." मिस्त्री थापी पुसत शेजारी टेकले. "आणि मीही मुकाट बांधलंच की. घरी येऊन तिला म्हटलं, चढशील गं हळूहळू."



मग साहेबांचं लक्ष उजव्या कडेला गेलं. प्रत्येक पायरीच्या आतल्या अर्ध्या भागावर अर्ध्या उंचीची सिमेंटची पायरी बसवली होती. सगळ्यात खालच्या पायरीपासून शंभरावीपर्यंत.

"एकट्यानं केलंत?"

"बाहेरची कामं बंद झाल्यापासून. अंगात बळ असेल त्या दिवशी एक." मिस्त्र्यांनी पाण्याची झारी पुढं केली. "वरच्या तीन ताज्या आहेत. पाणी मारायचंय. जमेल?"

साहेबांनी झारी घेतली. उजव्या कडेला जाऊन समोरच्या अर्ध्या पायरीला वीत लावली. निम्मी वीत, चार इंच. सवयच तशी. मग पाय टाकला. गुडघा अलगद वाकला, कळ आली नाही.

ते तिथंच थांबले. झारीतलं पाणी हिंदकळून बुटावर सांडलं.

"चला साहेब," मागून मिस्त्री म्हणाले. "सिमेंट सुकतंय."