ऑन्सेल्मचा पंखा आणि आमची कुत्री

ऑन्सेल्म गुर्बेरला मी फारसा ओळखत नव्हतो. एकोणीस वर्षे आमच्या फळ्या शेजारी होत्या, पण त्याला एक भाऊ आहे हे मला ऑन्सेल्मच्या दफनाच्या दिवशी कळले.

फ्रान्समधल्या त्येर गावी नदीकाठी आम्ही चाकूंना धार लावत असू. फळीवर पालथे पडायचे, तोंडाखाली दगडाचे चाक फिरत असायचे. तळघरात नदीची ओल. पाय बधिर होत, म्हणून प्रत्येकाचे कुत्रे दिवसभर त्याच्या पोटऱ्यांवर झोपे. दगडाची धूळ छातीत साचे आणि पन्नाशीच्या आत माणूस जाई. ऑन्सेल्मचा बाप तसाच गेला होता.

दोन वर्षांचे रविवार घालवून ऑन्सेल्मने आमच्या तळघरातल्या सहा जणांसाठी पत्र्याचे सहा पंखे केले. चाकाच्याच पट्ट्यावर चालणारे, धूळ ओढून नळीतून बाहेर टाकणारे. मालक म्हणाले, "सहाही जणांनी आठ दिवस चालवले, तर सगळ्या कारखान्यात बसवीन. एकानंही काढला, तर विषय संपला."

"काय संशोधक, आमच्या नाकात झाडू मारणार म्हणे!" आमच्यातला सगळ्यात वयस्क मार्सियाल म्हणाला.

"मारतो काका. तुमच्या नाकात काम जरा मोठं आहे."

पंखे सुरू झाले आणि खरेच हवा निवळली. पण पत्रा असा किंचाळू लागला की सहाही कुत्री उठून दाराबाहेर पळाली. ऑन्सेल्मने सगळ्याचा विचार केला होता, कुत्र्यांचा नव्हता.

तिसऱ्या दिवशी माझे पाय लाकूड झाले होते.

"फिर्मँ, पाचच दिवस राहिलेत रे. पोती गुंडाळ पायांना," ऑन्सेल्म म्हणाला.

"गुंडाळलीत. पोतं काय कुत्रं आहे?"

दुपारी मी माझ्या पंख्याचा पट्टा काढला. मी पहिला. मग हसत हसत बाकीच्यांनीही काढले. संध्याकाळपर्यंत माझी कुत्री फिनेत परत पायांवर येऊन झोपली होती.

पुढच्या वर्षी मला गोदामात काम मिळाले, म्हणून मी आज आहे. ऑन्सेल्म फळीवरच राहिला. फावल्या वेळी कातड्याच्या पात्यांचा, बिनआवाजाचा पंखा करत होता म्हणे. तो पुरा व्हायच्या आत त्याची छाती भरली.

शेवटी त्याला भेटायला गेलो तेव्हा त्याच्या बायकोने, लेओंतीनने, मला आत नेले; तो उशांना टेकून बसला होता. दर वाक्याला थांबत होता. त्या काढलेल्या पट्ट्याचे बोलायचे असे मी घरून ठरवून निघालो होतो. तोंडातून निघाले ते भलतेच.

"काही हवंय का?"

"पाय गार पडतात रे. तुझी फिनेत आहे का अजून?"

"आहे. म्हातारी झालीय. उद्या आणू?"

"आण. पण दारातच तिचे पंजे पूस. लेओंतीननं कालच चादर धुतलीय."

"पुसतो," मी म्हणालो.