चार्जरला गोधडीची खोळ

बायांनो, सकाळपासून डोकं फिरलंय माझं, ऐका.

मुलानं विजेची गाडी घेतली. मी तर नाचायचीच राहिले! आमच्या गुरुग्रामच्या घराखाली, गाडीजवळच्या भिंतीवर चार्जरचा डबा लटकतो. त्यावर किती ती धूळ! मिक्सरला खोळ, फ्रीजला खोळ, मग यानंच काय पाप केलं? काल जुन्या गोधडीची छान खोळ शिवून घातली.

आज सगळे पानिपतचं काला अंब युद्धस्मारक बघायला निघणार, तर गाडी अर्धीसुद्धा भरलेली नाही. डबा तापून आपोआप बंद!

मुलगा ओरडला, "आई, याला हवा लागते गं!"

"आणि तू? एवढी गाडी टेबलफॅनच्या एक्स्टेन्शनवर लावतोस? वास बघ कसला येतोय."

त्यानं मेन बंद करून प्लग काढला, तर बोर्ड वितळलेला.

सून म्हणाली, "चलो, आग लावण्यात दोघंही पास!"

वायरमन येऊन जाड वायरचं वेगळं सॉकेट बसवेल, अर्थिंग तपासेल, तोवर गाडीला हात लावायचा नाही, असं बजावलंय मी. पानिपत राहिलं ते राहिलंच.

खोळ नातीनं टोपी म्हणून घातलीय, काय गोड दिसतेय! पण खरं सांगा, घर जाळायला जास्त कोण निघालं होतं, मी की तो?