शर्टाचं तिसरं बटण

मी लिहावं असा माझा अधिकार नाही. हे आधीच कबूल करतो आणि वाचणाऱ्यांची माफी मागतो. सगळी नोकरी पोलिसात गेली. तिथं जे लिहिलं ते पंचनामे, जबाब आणि स्टेशन डायरी. निवृत्त झाल्यावर इस्लामपूरच्या एका कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि तोही डोक्यावरचे केस गेल्यावर. तिथं असताना माझ्या हातून एक कादंबरी लिहून झाली, खुनाची. ती कशी झाली, एवढंच सांगायचं आहे.

सांगली जिल्ह्यातल्या एका ठाण्यात असताना उसाच्या पट्ट्यातल्या कालव्यात एक प्रेत मिळालं होतं. चार-पाच दिवस पाण्यात राहून चेहरा ओळखण्यासारखा उरला नव्हता. साहेब सांगत गेले, मी लिहीत गेलो: अनोळखी पुरुष, वय अंदाजे पस्तीस ते चाळीस, अंगात फिकट निळा फुल शर्ट, टेलरचे लेबल नाही. दोन पंचांनी सह्या केल्या. त्यातल्या एकाची पाण्याची पाळी होती, तो सही करून मळ्याकडे पळालाच.

नंतर कपड्यांचं गाठोडं बांधताना मला शर्टाचं तिसरं बटण दिसलं. बाकीची पांढरी, हे तपकिरी आणि हातानं लावलेलं. पण पंचांच्या सह्या झाल्यावर पंचनाम्यात एक अक्षर वाढवता येत नाही. पुरवणी पंचनामा करता आला असता. साहेब जीपमध्ये बसले होते, ऊन फार होतं, मी काही बोललो नाही. गाठोडं बांधलं.

वर्णन सगळ्या ठाण्यांना गेलं. निळ्या शर्टावरून माणूस कसा ओळखणार? प्रेत पुरलं, प्रकरण बंद झालं, पुढं नियमाप्रमाणं कपडेही नष्ट केले. बटण फक्त माझ्या डोक्यात उरलं. त्या माणसाला नाव मिळालं नाही आणि त्यात माझाही वाटा होता, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

कॉलेजात मराठीच्या मॅडम माझ्या मुलीपेक्षा लहान. त्यांनी वर्गाला स्वतः पाहिलेला एखादा प्रसंग लिहून आणायला सांगितला. मी कालव्याचा लिहिला.

"काका," त्या म्हणाल्या, "यात सगळीकडे 'सदर इसम' आहे. माणूस कुठं आहे?"

"मॅडम, त्यो फरार हाय," मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली. वर्ग हसला. मीही हसलो.

घरी येऊन पुन्हा लिहायला बसलो, ते बटणापासून. पानं वाढत गेली. त्याचा खून झाला, संशयित आले, तपास करणारा हवालदार माझ्यापेक्षा बराच हुशार निघाला. पहिल्या खर्ड्यात मी आरोपीचं नाव पहिल्याच पानावर घातलं होतं, फिर्यादीत घालतात तसं. बायकोनं ते पान वाचून वही मिटली.

"खुनी घावला की. आता बाकीची दोनशे पानं मी कशाला वाचू?"

ते बदललं. एक गोष्ट मात्र बदलली नाही. तपासात एक खूण कुणाला न सांगता राखून ठेवायची असते. ओळख सांगणारा आला की त्याला त्या खुणेवर पारखायचा. म्हणून बटण लिहिलं, पण ते कसल्या दोऱ्यानं लावलं होतं आणि गाठ कुठं होती, हे कादंबरीत कुठंच नाही. मॅडमनी समासात विचारलं होतं, "दोरा कसला?" मी म्हटलं, "तेवढं राहू द्या."

साताऱ्याच्या एका लहान प्रकाशकानं पुस्तक काढलं. शेवटच्या पानावर मी आग्रहानं दोन ओळी छापून घेतल्या: यातलं बटण खरं आहे, कुणाला ओळख पटल्यास कळवावं. खाली माझा फोन नंबर. प्रकाशकाला ती खपाची युक्ती वाटली. "हवालदार, तुम्ही लय पुढचे निघालात," तो म्हणाला. मी तसं वाटू दिलं.

तीन फोन आले. तिघांच्याही घरचं माणूस हरवलेलं. मी दोरा विचारला. एक काळा म्हणाला, एक निळा. तिसरा म्हातारा होता. तो म्हणाला, "तुमी म्हणाल त्यो, सायेब." त्या दिवशी मी कॉलेजला गेलो नाही.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वडूजकडच्या एका गावातून एका बाईंचा फोन आला. लेकीनं वाचनालयातून पुस्तक आणून त्यांना वाचून दाखवलं होतं.

"ते बटणाचं पुस्तक तुमीच लिवलंय न्हवं?"

"व्हय. बटण कसल्या दोऱ्यानं लावलं होतं, सांगता येईल?"

"खताच्या पोत्याचं तोंड उसवल्याव निघतोय बगा, त्यानं. घरात दुसरा न्हवता."

"गाठ?"

"गाठ वरच ऱ्हायली. भावाची एस्टी आली हुती. दारातनं वरडाय लागला, आवर गं आक्का. आत घालाय येळच न्हाई गावला. दातानं तोडला दोरा."

मी हातातली अभ्यासाची वही खाली ठेवली.

"आवं सायेब, हाईसा न्हवं?"

"हाय. तोच आहे, ताई."

"म्हंजी गेलाच त्यो."

"व्हय."

पलीकडं त्यांनी लेकीला पंखा बंद करायला सांगितला.

"पुस्तकात मारलाय त्याला. खरंच मारला का वो कुनी?"

"नाही. अंगावर एकही घाव नव्हता. पाय घसरला असावा. मारल्याचं मी रचलं."

"मिरजंला पोट दाखवाय निगाला हुता," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "लिवून घ्या त्याचं नाव."

मी त्याच वहीचं मागचं पान उघडलं. त्यांनी आधी त्याचं नाव सांगितलं, मग वडिलांचं, मग आडनाव. मला लिहायला सवड मिळावी म्हणून प्रत्येक नावानंतर त्या थांबत होत्या.