महालाच्या घरातलं मतदान

"हात वर करा," लिंडली म्हणाला, आणि स्वतःचा केलाही. "आईनं आता शहरात आमच्याकडे यायचं. कोण हो म्हणतंय?"

त्याच्या बहिणीनं, रोडानं, हात वर केला. लिंडली माझा नवरा; तो बघत होता म्हणून मीही केला.

महाला पर्सिमनच्या फळांचं पुडिंग वाढत होती. "या घरात हात कधीपासून मोजायला लागलो आपण?"

"कॉलेज बंद झालंय, आई! आवारात तू एकटी. बर्फात पडलीस तर?"

"मागच्या वेळी उठलेच की."

"हो, तासभर बर्फात बसून!" रोडा म्हणाली.

महाला माझी सासू. सासूला नावानं हाक मारायला मला दोन वर्षं लागली. मी गावातल्या मेथडिस्ट पंथाच्या ख्रिस्ती घरातली पोर, मोठ्यांना नावानं हाक मारायची सवय नाही. यांच्या पंथात मात्र सगळे एकमेकांना नावानंच हाक मारत; कॉलेजचा प्राचार्यसुद्धा नुसता एल्वुड. कॉलेजचं स्वयंपाकघर महाला चालवायची; पाळी आली की तोही तिथे बटाटे सोलायचा आणि जाड साल काढली म्हणून बोलणी खायचा. जेवणाआधी सगळं भोजनगृह हात धरून गप्प बसे. सूप उकळल्याचा आवाज तेवढा येई.

ते स्वयंपाकघर एकदा कंत्राटदाराला द्यायचं ठरत होतं. सगळे तयार होते. महाला म्हणाली, "मला पटत नाही." एल्वुडनं मतं मोजली नाहीत; एकालाही पटलं नाही तर इथे निर्णय होत नसे. विषय पुढच्या सभेवर गेला, मग त्याच्या पुढच्या. शेवटी गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा तीच सभेत उभी राहिली, "आता मी आड येत नाही." त्या दिवशी एल्वुड सर्वांदेखत रडला.

"गप्प बसू या," महाला म्हणाली आणि हात पुढे केले.

आम्ही धरले. तिच्या तळव्यावरचा भाजल्याचा जुना वण माझ्या बोटांना लागला. खिडकीतून भोजनगृहाची बंद दारं दिसत होती. तिथेच, हातात कढई घेऊन तिनं मला पहिल्यांदा विचारलं होतं, "जेवलीस का गं?" शहरातल्या आमच्या स्वयंपाकघरात ही नुसती बसून काय करेल?

"मला पटत नाही," मी म्हणाले.

"अगं, आत्ता हात वर केला होतास!" लिंडली भडकला.

"तू डोळे वटारून बसला होतास म्हणून."

रोडा फिसकन हसली.

महालानं आमचे हात सोडले आणि पुडिंगचा चमचा उचलला.

"एकमत नाही. मी इथेच राहते. लिंडली, माझं सामान भरायला आणलेली गाडीतली रिकामी खोकी तळघरात टाक, आणि जाण्याआधी पायऱ्यांना कठडा बसव."