भुलाबाईला कॉफी

आमच्या वऱ्हाडात सण पुष्कळ. पोळ्याला बैलांची तोरणं तयार ठेवायची, महालक्ष्म्यांना सोळा भाज्या जमवायच्या, नवरात्रात घट सांभाळायचे. यातल्या प्रत्येक सणात गृहस्थाला काहीतरी आणावं लागतं आणि ते नेहमी थोडं चुकीचं आणलेलं असतं. फक्त भुलाबाई हा असा सण, की त्यात पुरुषाला काही काम नाही. भाद्रपद पौर्णिमेला मुली मातीची भुलाबाई आणि शेजारी तिचा नवरा भुलोबा मांडतात, रोज संध्याकाळी टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात, आणि कोजागिरीला बोळवण करतात. पार्वती महिनाभर माहेरी येते, एवढाच त्याचा अर्थ. भटजी लागत नाही, मुहूर्त लागत नाही.

गाणी संपली की खिरापत. ज्या घरी गाणी, त्या घरच्या मुलीनं खाऊ झाकून ठेवायचा आणि बाकीच्यांनी तो ओळखायचा. मुली वाटेल तेवढे प्रश्न विचारू शकतात, घरच्या मुलीनं खरं उत्तर द्यायचं. कुणालाच ओळखता आली नाही तर त्या घरची मुलगी जिंकली.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही अमरावतीला राजापेठेत राहत होतो. आदल्या वर्षी माझ्या मुलीची खिरापत शेजारच्या एका पोरीनं डबा नुसता हलवून ओळखली होती. "फुटाणे," असं म्हणून ती टिपऱ्या गोळा करायलाही लागली होती. माझी मुलगी त्या रात्री जेवली नाही. या वर्षी ओळखली गेली तर मी पुढं कधी भुलाबाई मांडणारच नाही, असं तिनं सांगून टाकलं. त्या शेजारणीचं नाक आणि कान असे होते, की तिच्यापुढं लाडू, करंजी, चिवडा, काहीही टिकलं नसतं.

मी विचार केला. मुली आधी चव विचारतात, मग तळलेलं की भाजलेलं, मग रंग. एवढ्यात स्वयंपाकघरातले बहुतेक डबे बाद होतात आणि उरतात त्यांतून कुणीही निवडावं. म्हणजे पदार्थ असा हवा, की जो मुळात त्यांच्या मनातल्या यादीतच नाही. आमच्याकडे असा एकच होता. कचेरीच्या कामानं चिखलदऱ्याला गेलो असताना मी तिथली कॉफीची पूड आणली होती. ती कुणी प्यायलं नव्हतं.

"भुलाबाईले कॉफी?" बायको म्हणाली. ती अकोल्याची. "काहो, तिचा नवरा काय म्हणन?"

"तो कैलासावर आहे. थंडीत त्याला चालेल."

"तसं नाई. देवाले चालते का, हे इचारून राहिली मी."

मी प्रामाणिकपणे सांगितलं, की याबद्दल शास्त्रात काही असेल असं मला वाटत नाही. बायको म्हणाली, "माहेरी आलेल्या पोरीनं जे मागतलं ते द्याव. तिनं नाई मागतलं, पण आपल्या पोरीनं मागतलं ना." आणि तिनं दूध तापवायला ठेवलं.

कॉफी चहासारखी उकळली, फडक्यानं गाळली आणि किटलीत भरली. वास लपवणं हा मोठा प्रश्न होता. किटली न्हाणीघरात पाण्याच्या तापलेल्या बंबामागे ठेवली, म्हणजे गरमही राहील. वर मी घरभर ऊद घातला. जरा जास्त झाला. मुली आल्या तेव्हा त्यांना भुलाबाई दिसत नव्हती, त्यांनी आवाजावरून फेर धरला.

"काका, घर पेटलं का हो तुमचं?" शेजारची पोरगी खोकत म्हणाली.

"ऊद आहे. देवीला आवडतो."

"मंग देवी कुठी हाये?"

गाणी झाली. मी खुर्ची टाकून न्हाणीघराच्या दाराशी बसलो होतो, कुणी आत डोकावू नये म्हणून. प्रश्न सुरू झाले.

"गोड का तिखट?"

"गोड," माझी मुलगी म्हणाली.

हे अर्धवट होतं. खरं उत्तर द्यायचं तर पुरतं द्यायला हवं. मी म्हणालो, "गोड आणि कडू, दोन्ही."

मुलीनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी पेपर उघडला.

"कडू! मेथीचे लाडू!"

"नाई."

"कारल्याचा हलवा!"

"अवं, हलवा कोण करते कारल्याचा?"

"हे काका करतीन. हातानं खायाचं का चमच्यानं?"

"दोन्ही नाई."

"मंग काय पायानं?"

सगळ्या खिदळल्या. शेजारणीनं नाक वर करून हवा हुंगली, पण उदापुढं तिचं काही चालेना. "रंग सांग."

"तपकिरी."

"फिका तपकिरी," मी म्हणालो. "दूध कमी पडलं असतं तर गडद झाला असता."

"बाबा! तुमी आत जा ना!"

"दूध!" शेजारीण ओरडली. "खरवस! बासुंदी! खीर!" एकामागून एक दुधाचे सगळे पदार्थ संपले. मुलगी प्रत्येकाला नाही म्हणत होती आणि दर नकाराबरोबर जरा उंच होत होती. शेवटी शेजारणीनं टिपऱ्या खाली टाकल्या.

"हरलो. आण बाई, काय हाये ते."

मुलगी धावत किटली घेऊन आली. शेजारणीनं पहिला घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "हे तं औषध हाये! अन् हे खात नाई, पेतेत. ही खिरापतच नाई. काका, तुमी सांगा."

आता निकाल माझ्याकडं आला. मुलगी माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, की खाणं-पिणं हा मुद्दा नाही. देवीला नैवेद्य दाखवला ती खिरापत. हे बोलत असतानाच माझ्या लक्षात आलं, की किटली दुपारपासून बंबामागे होती. मुलींपासून लपवता लपवता आम्ही ती भुलाबाईपासूनही लपवली होती.

"दाखवला का नैवेद्य?" शेजारणीनं लगेच विचारलं. तिचे कान खरंच चांगले होते.

खोटं बोलणं शक्य नव्हतं. मी नाही म्हणालो. माझ्या मुलीचे डोळे भरले. "जितली मी, जितली!" शेजारीण नाचू लागली.

तेवढ्यात बायको आतून कप घेऊन आली, त्यात कॉफी ओतली आणि भुलाबाईपुढं ठेवून हात जोडले. "घ्या, दाखवला आता. पोरींनो, काहून भांडून राहिल्या? तुमाले ओळखता नाई आली. अन् हे भुलाबाई इथंच बसली होती दिवसभर, तिले तरी कुठी आली?"

या दृष्टीनं कुणी पाहिलं नव्हतं. मी मनात तपासून पाहिलं, हरकत घेण्यासारखं काही सापडलं नाही.

"म्हंजे," माझी मुलगी डोळे पुसत म्हणाली, "मी भुलाबाईलेबी हरवलं?"

"हो," मी म्हणालो.

शेजारणीनं भुलाबाईकडं निरखून पाहिलं. देवीचा पराभव झाला असेल तर आपला होण्यात काही कमीपणा नाही, असं तिनं ठरवलेलं दिसलं. "पाह्य पाह्य, भुलोबानं तोंड वाकडं केलं," ती म्हणाली.

"तो आधीपासूनच तसा हाये. सुकताना फिरला."

"नाई, आत्ता केलं. कॉफी पाहून."

मग सगळ्या मुली त्या मातीच्या भुलोबाभोवती बसल्या आणि त्याचं तोंड कधी वाकडं झालं यावर भांडू लागल्या. बायकोनं नैवेद्याचा कप उचलून माझ्या हातात दिला. प्रसाद होता, नाही म्हणता येईना. शेजारणीचं म्हणणं बरोबर होतं, औषधासारखीच लागत होती.